सॉरीचं जपानी

तोमोए कुराहाशीला कारखान्यात सगळे 'साहेबाचा पोपट' म्हणत. तोंडावरही म्हणत. तिला राग येत नसे, कारण त्यात खोटं काही नव्हतं. कारखाना परदेशी कंपनीकडे गेल्यापासून कितीतरी साहेब आले नि गेले, आणि प्रत्येकाचं बोलणं जपानीत तिच्याच तोंडून बाहेर पडलं. दुभाष्यानं 'साहेब म्हणतात की' असं म्हणायचं नसतं. साहेब 'मी' म्हणाले की आपणही 'मी' म्हणायचं. दिवसभर दुसऱ्यांचं 'मी' बोलून घरी गेल्यावर तिला स्वतःचं म्हणून काही सुचतच नसे. नवरा वारला तेव्हाही ती रडली नाही. दोघांचं मिसो सूप एकटीपुरतं करू लागली, एवढंच.

त्या वसंतात हॉलिस साहेब संरक्षक जाळी काढून ठेवलेल्या मशीनपाशी उभे राहून म्हणाले, "जाळी नंतर बसवू, आधी माल जाऊ दे." तिनं त्याचं चोख जपानी करून कामगारांना सांगितलं. त्याच आठवड्यात कोहेई हिराइवा त्या मशीनमध्ये सापडून मेला. आईचा एकुलता एक. तोमोएला ते वाक्य रोज आठवे, पण भुलीची सुई टोचल्यावर दात काढावा तसं. काहीतरी ओढलं जातंय एवढं कळे, दुखत नसे.

कोहेईची आई मित्सुयो हट्टाला पेटली होती. अस्थी घराण्याच्या थडग्यात पुरायचा दिवस येऊन ठेपला तरी ती अस्थींचा डबा घरातून हलवू देईना. "एकानं तरी इथं येऊन 'आमचं चुकलं' म्हणावं. तोवर माझा पोरगा कुठंही जाणार नाही," असं तिनं भटजींनाही सुनावलं.

शेवटी साहेबांनी जायचं ठरलं. आदल्या दिवशी कंपनीच्या वकिलांचा, वाकुइंचा, तोमोएला फोन आला. "बाई, साहेब सॉरी म्हणतील. तुम्ही त्याचं 'तुमच्या दुःखात सहभागी आहोत' एवढंच करायचं. 'आमचं चुकलं' हे शब्द नकोत. ती कबुली होते."

"पण सॉरीत दोन्ही येतं."

"म्हणून तर त्यांना तोच शब्द दिलाय."

वकील माणूस हुशार, यात वाद नाही. तोमोए 'बरं' म्हणाली.

गाडीत तिनं साहेबांना नेहमीचंच सांगितलं, "घरात मी करीन तसं करा. मी बसले की बसा, वाकले की वाका." साहेब या बाबतीत फार आज्ञाधारक. एकदा देवळात तिनं नाक चिमटीत धरून शिंक दाबली, तर यांनीही भक्तिभावानं नाक धरलं होतं.

मित्सुयोनं आसनं पुढे सरकवली. देव्हाऱ्यात कोहेईचा फोटो होता आणि पुढे पांढऱ्या कापडात बांधलेला डबा. तोमोएनं उदबत्ती लावली, साहेबांनी लावली. मग ते घसा खाकरून म्हणाले, "आय ॲम सॉरी."

"तुमच्या दुःखात सहभागी आहोत," तोमोए म्हणाली.

"हं. शेजारीपाजारीही हेच म्हणून गेले." मित्सुयोनं चहा ओतला. "बाई, एवढंच म्हणाले का हो ते?"

"एवढंच."

"मग घ्या चहा. आणि निघा."

मित्सुयोनं हात लांब करून डबा आणखी जवळ ओढून घेतला. पदरात लहान मूल ओढून घ्यावं तसा. तोमोएच्या कानात ते वाक्य वाजलं, जाळी नंतर बसवू. इंग्रजीत नाही, जपानीत, तिच्या स्वतःच्या आवाजात. कामगारांनी ऐकलं होतं ते तसंच. कोहेईनंही.

ती आसनावरून खाली सरकली. दोन्ही तळवे चटईवर टेकवले आणि कपाळ चटईला लावलं. निरोप घेताना कुणी असं वाकत नाही; असं वाकतात ते चूक कबूल करताना. हे ती ठरवून करत होती की काय, तिलाही सांगता आलं नसतं. तोंडातून शब्द निघाला नाही.

मागे कापड सळसळलं. हॉलिस साहेबही अवजडपणे आसनावरून उतरले आणि त्यांनी कपाळ टेकलं. तोमोए सरळ झाली तरी ते उठले नाहीत.

मित्सुयो त्या दोघांकडे बघत राहिली. मग फोटोकडे वळून म्हणाली, "कोहेई, आले रे बाबा. झालं आता. रविवारी तुला बाबांशेजारी ठेवते." आणि तिनं डब्यावरचा हात काढला.

गाडीत बसल्या बसल्या वकिलांचा फोन आला. "कुठला शब्द वापरलात?"

"तुम्ही सांगितलेला," तोमोए म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

गाव मागे पडल्यावर साहेबांनी विचारलं, "तिथं शेवटी आपण काय केलं?"

"तुमचं मला ठाऊक नाही. मी माफी मागितली."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले. तोमोएच्या गुडघे मुडपून बसल्यानं बधिर झालेल्या पायांना मुंग्या यायला लागल्या होत्या. आधी तळव्यांना, मग पोटऱ्यांना. ती दोन्ही हातांनी पाय चोळत बसली. फार दुखत होतं.