डाव्या सीटवरचं वजन

कळंबच्या कुंडलिकरावांच्या गाडीत एकदा बसलेला माणूस पुन्हा बसत नसे. नारायणगावला जायचं असलं तर लोक उन्हात वडापच्या जीपची वाट बघत उभे राहायचे, पण यांच्या गाडीला हात करायचे नाहीत. गाडी म्हणजे छोटी लाल हॅचबॅक. दिसायला गोजिरवाणी, इंजिन मात्र माजलेल्या वळूचं. पण तिचे मूळचे मऊ स्प्रिंग काढून कुंडलिकरावांनी असे काही कडक स्प्रिंग बसवले होते, की रस्त्यात कुणी विडीचं थोटूक टाकलं असलं तरी आतल्या माणसाला ते कमरेत कळावं. सावळेराम गुरुजी एकदा मंचरपर्यंत बसून गेले आणि उतरल्यावर त्यांनी आधी कवळी जागेवर आहे का ते बघितलं.

पन्नाशी उलटली की माणसाला भजनाचा नाद लागतो, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीचा. कुंडलिकरावांना लागला ऑटोक्रॉसचा. आता हे काय प्रकरण, तर दर हिवाळ्यात आण्याच्या पठारावर मोकळ्या मैदानात लाल शंकू मांडतात आणि त्यांच्यामधून एकेकानं घड्याळ लावून गाडी पळवायची. शंकू पडला की वेळेत भर. सगळा पोरांचा खेळ. त्यात हे गांधी टोपीवाले गृहस्थ दरसाल जायचे आणि दरसाल शेवटचे यायचे. दुसरा एखादा गप टोमॅटो लावत बसला असता. यांचं म्हणणं असं, की चालवणारा चुकत नाही, गाडीची बैठक चुकते.

ती बैठक जमवायला त्यांच्याकडं हत्यार होतं, त्यांची बायको कुशाबाई. शॉकअपच्या डोक्यावरची खुंटी पिळायची, कुशाबाईंना डाव्या सीटवर बसवून मळ्याच्या रस्त्यानं एक फेरी मारायची आणि विचारायचं, "कुठं बसलं?" त्या म्हणाल्या "मानेत", तर पुढचे शॉकअप कडक झाले. "कमरेत" म्हणाल्या, तर मागचे. आणि "मेलं तुमचं ते ऑटोकास" म्हणाल्या, तर चारही बाजू बरोबर आहेत असं ते समजायचे.

कुशाबाई सोसत होत्या, पण सोसण्यालाही हद्द असते. त्यांचं माहेर घोडेगाव, जेमतेम अर्ध्या तासावर. तिथं या गाडीतून गेलं की पहिला दिवस अंथरुणावर जायचा आणि भावजय तोंडाला पदर लावून हसायची. दिवाळीला त्यांनी विषय काढला.

"यंदा शेवटचं आलात तर हे दगड काढायचे आन मऊ स्प्रिंग बसवायचे. परत त्या खेळाचं नाव काढायचं नाय."

"कबूल."

"तोंडी नको. भंडारा उचला."

कुंडलिकरावांनी देव्हाऱ्यातला खंडोबाचा भंडारा उचलला. आमच्याकडं माणूस एकवेळ कोर्टात दिलेली साक्ष फिरवील, पण भंडारा उचलला की विषय मिटला. त्या दिवसापासून त्यांना धड झोप लागेना.

मग त्यांनी जीव लावून बैठक जमवली. गवंड्याची लेव्हलपट्टी आणून गाडीच्या नाकाडावर ठेवली. कुशाबाई शेजारच्या सीटवर मांडीत सूप घेऊन वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्या अंगानं चांगल्या भरलेल्या, त्यामुळं पट्टीतला बुडबुडा सरकलेला. कुंडलिकरावांनी डाव्या पुढच्या स्प्रिंगखालची चकती फिरवत फिरवत तो कोपरा वर उचलला. बुडबुडा मधोमध आला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी कुशाबाईंना स्वतः चहा करून दिला.

स्पर्धेच्या दिवशी दोघं आण्याला गेले. कुशाबाई भाकरी बांधून मंडपात बसल्या. प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. कुंडलिकराव पहिल्या फेरीला सुटले आणि गाडीनं रंग दाखवला. डावीकडं वळवावं तर शेपूट फेकतेय, उजवीकडं वळवावं तर नाक धरून सरळच चाललीय. शंकूंची पार दाणादाण झाली. माईकवर ऋतिक नावाचा पोरगा बोलत होता. तो म्हणाला, "काका, शंकू तोडायला आले नाय अजून, टमाटे न्हाईत ते." मैदान खदखदून हसलं. वेळ लागली, सगळ्यांत शेवटची.

कुशाबाईही हसल्या. त्यांनी तर भावजयीला फोन लावून सांगितलं, की पुढच्या खेपेला मी गादीवरून आल्यासारखी येते.

कुंडलिकराव चाकापाशी उकिडवे बसले होते. हवा कमी करून बघत होते. "घरी कशी सरळ चालत व्हती," ते म्हणाले, "हितं काय झालं तिला, कायच कळंना." त्यांचा चेहरा बघून कुशाबाईंनी हातातला फोन पिशवीत टाकला. तेवढ्यात माईक पुन्हा बोलला, "दुसऱ्या फेरीला काकांना खाली ठेवा, गाडी एकटी बरी येईल."

कुशाबाई उठल्या, पदर खोचला आणि थेट टेबलापाशी गेल्या.

"ह्यांना नावं ठेवायला मी जित्ती हाय," त्या ऋतिकला म्हणाल्या. "तू कोण रं? आन ते डोक्याचं टोपडं दे मला. बघते कसं हसतोस."

शेजारी माणूस बसवायला नियमात मनाई नव्हती. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, म्हणून त्यांनी अंबाडा सोडला. पट्टा आवळून त्या डाव्या सीटवर टेकल्या आणि गाडीचा तो कोपरा हळूच खाली बसला. बाहेर उभ्या कुंडलिकरावांनी ते बघितलं आणि कपाळावर हात मारला. बैठक गाडीची जमलेली नव्हती. कुशाबाईंसकट जमलेली होती.

मग जे झालं ते आण्यात अजून सांगतात. प्रत्येक वळणाच्या आधी कुशाबाई ओरडायच्या, "अवं हळू, मेलो." त्या आवाजाला कुंडलिकरावांचा पाय लग्नापासून आपोआप उचलला जायचा, आणि नेमका तिथंच तो उचलायला हवा होता. गाडी डावीकडं वळली, उजवीकडं वळली, एक शंकू हलला नाही. ऋषी नावाचा पुण्याचा एक पोरगा केसभर मागं पडला. कुंडलिकराव शेवटून दुसरे आले.

कुंडलिकरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऋतिकनं माईक बाजूला ठेवून काकूंना नमस्कार केला. आणि मग कुशाबाईंच्या ध्यानात आलं, की भंडारा फिटला, कडक स्प्रिंग राहिले आणि हे सगळं आपण आपल्याच हातानं केलं.

परतीला आण्याचा घाट उतरताना गाडी दाणदाण आपटत होती. कुशाबाई दोन्ही हातांनी कंबर धरून बसल्या होत्या. कुंडलिकरावांना ते टोचायला लागलं.

"तुझ्यामुळंच लाज राह्यली," ते म्हणाले. "उद्या मऊ स्प्रिंग बसवतो. भंडारा शेवटचं आलो तर व्हता, मनानं बसवायला कोण नाय म्हणतंय?"

आळेफाटा आला, मागं पडला. नारायणगावच्या अलीकडं मोठा खड्डा बसला, तेव्हा कुशाबाईंनी तोंड उघडलं.

"मानेत बसलं," त्या म्हणाल्या. "पुढचं जरा ढिलं करा. आन ते तिसरं वळण, तिथं मी उशिरा ओरडले. पुढल्या वर्षी आधी ओरडीन."