विचारायची वेळ येऊ नये म्हणून

हैदराबादेत आज एखाद्या वयस्कर माणसाला मोबाइलवर हवं ते बटण पहिल्याच फटक्यात सापडलं, तर त्यामागे कुठे ना कुठे माझ्या बायकोच्या मोठ्या मामांचा हात असणार, असं माझं ठाम मत आहे. मामांना कॉम्प्युटर येत नाही. 'डिझाइन' हा शब्द त्यांनी आयुष्यभर फक्त साडीच्या काठाबद्दल वापरला असेल. आणि तरीही, वेबसाइट आणि ॲपचे पडदे आखणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा असून, त्यातलं मला जे काही खरोखर येतं ते मामांनी शिकवलेलं आहे. कॉलेजात शिकलो त्यातलं बरंचसं विसरावं लागलं, तेही त्यांच्यामुळेच.

मामांची सगळी नोकरी रेल्वेत, चौकशीच्या खिडकीत गेली. अशा खिडकीतला माणूस एरवी विचारणाऱ्यावर चिडतो. मामा प्रश्नावर चिडायचे. एकच प्रश्न तीन जणांनी विचारला, की शेजारच्या सहकाऱ्याला खिडकी सांभाळायला सांगून ते बाहेर जायचे, विचारणारा जिथून आला तिथे जाऊन उभे राहायचे आणि तिथून त्याला काय दिसलं, काय दिसलं नाही ते बघून यायचे. मग पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून, बाण काढून, तो प्रश्न कायमचा बंद करायचे. "तिघांनी विचारलं तर चूक पाटीची असती, जावईबापू. माणसाची नका म्हणू," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की आमच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये ते इंग्रजीत बोलून मी दोनदा टाळ्या घेतल्या आहेत. मामांचं नाव सांगितलं नाही, हे इथे कबूल करतो.

निवृत्तीनंतर मामा काचीगुड्यातल्या आपल्या घरी आले आणि त्यांनी अख्खं शहर हेच स्टेशन समजून काम पुढे चालू ठेवलं. त्यांच्या शर्टाच्या खिशात एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर, एक जाड पेन आणि पांढऱ्या चिकटपट्टीचं वेटोळं असतं. कुणाकडे गेले की पाण्याचा ग्लास येईपर्यंत त्यांची नजर स्विचबोर्डावर गेलेली असते, आणि चहा येईपर्यंत प्रत्येक बटणाखाली नाव चिकटलेलं असतं. आमच्या विद्यानगरच्या घरी बारा बटणांचा एक बोर्ड आहे. त्यातलं एक बटण कशाचं हे बिल्डरलाही ठाऊक नव्हतं. मामांनी ते सहा वेळा खालीवर करून पाहिलं आणि त्याखाली स्वच्छ अक्षरांत 'काही नाही' असं लिहिलं. बायकोला ती पट्टी काढायची आहे. मी काढू देत नाही, कारण त्या बटणाबद्दल आमच्याकडे पुन्हा कधी कुणी विचारलेलं नाही.

माझी त्यांची पहिली भेटही अशीच झाली, माझ्याच लग्नात. मंगल कार्यालयाचं दार काचेचं होतं आणि ते आत ढकलायचं असून त्याला बाहेरून ओढायची मूठ लावली होती. येणारा प्रत्येक पाहुणा मूठ धरून ओढायचा, दार हलायचं नाही, मग ओशाळून इकडेतिकडे बघायचा. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली, आणि भाचीचे मोठे मामा कुठे दिसेनात. शेवटी ते सापडले दाराशी, गुडघ्यांवर बसलेले, मूठ उघडून हातात घेतलेली. कार्यालयाचा मॅनेजर तेलुगूत आरडाओरडा करत होता आणि मामा त्याला शांतपणे दख्खनीत समजावत होते, "भई, मूठ दिखी तो आदमी खेंचताच. उसकी क्या गलती?" भाचीवर टाकायच्या अक्षता त्यांच्या दुसऱ्या मुठीत तशाच राहिल्या होत्या. त्या त्यांनी नंतर जेवणाच्या पंगतीत आमच्या डोक्यावर टाकल्या, वरणभातासकट आम्ही त्या स्वीकारल्या.

मोबाइल आल्यापासून मात्र मामांचं रक्त जास्त तापायला लागलं. ॲप अपडेट झालं आणि बटणाची जागा बदलली की त्यांचा सकाळी फोन येतो, "रातोरात स्टेशन हलवलात की वो तुम्ही लोकांनी." जगातल्या सगळ्या अपडेटांना मी जबाबदार असतो. एकदा कुठल्याशा दुकानाच्या ॲपने त्यांच्यापुढे दोन बटणं ठेवली. एकावर 'हो, नोंदणी करा' आणि दुसऱ्यावर 'नको, मला माझा फायदा कळत नाही'. असं लाजवून होकार काढून घेण्याची आमच्याकडे फॅशनच आली होती. मामांना नोंदणी करायची नव्हती, आणि असं अपमानास्पद वाक्य स्वतःच्या बोटाने म्हणायचंही नव्हतं. दोन्हीपैकी काहीच न दाबता ते बॅटरी संपेपर्यंत फोन हातात धरून बसले. "मी असं बोलणारा माणूस नाही," एवढंच ते मामींना म्हणाले.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. मग गेल्या वर्षी आमच्या कंपनीने इथल्या एका रुग्णालयासाठी डॉक्टरांच्या वेळा घेण्याचं ॲप केलं. पडदे माझे होते आणि दिसायला देखणे होते, हे मी आजही म्हणेन. भरपूर मोकळी पांढरी जागा, फिकट करडी नाजूक अक्षरं, शब्द जवळपास नाहीत, नुसती चित्रं. त्या वर्षी सगळं जग तसंच करत होतं. तरुणांनी कौतुक केलं आणि म्हाताऱ्या रोग्यांनी ॲप उघडून बंद केलं. ते पूर्वीसारखे पहाटेपासून रांगेत येऊन उभे राहत होते. रुग्णालयाने महिन्याची मुदत दिली. सुधारलं नाही तर काम काढून घेणार, आणि काम गेलं तर माझी नोकरी जाणार, हे साहेबांनी मला दार लावून सांगितलं. बायकोला सातवा महिना होता. तिला मी काहीच बोललो नाही. मामांनी मात्र विचारलं, "चेहरा कायकू असा?" आणि मी सगळं सांगून टाकलं.

मामांनी ॲप बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "मंगळवारी मामीच्या भजनाला या. फोन घेऊन या. तोंड घरी ठेवून या."

मामींच्या भजनी मंडळात साताठ बायका. कुणी मराठी शाळेत शिकलेली, कुणी तेलुगू, कुणाला वाचायचा कंटाळा. पेटी उघडायच्या आधी मामांनी मला कोपऱ्यात बसवलं, दोन्ही हात मांडीखाली ठेवायला लावले आणि फोन पहिल्या बाईंना देऊन म्हणाले, "ताई, उद्या डॉक्टरला दाखवायचंय. नंबर लावा." त्या बाईंनी पडदा नाकाशी नेला, लांब धरला आणि म्हणाल्या, "भाऊ, याच्यावर छापायचं राहिलंय वाटतं." दुसऱ्या बाईंनी कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांना बोट लावायचं टाळलं. त्या रेघांमागे मी यादी लपवली होती, सगळेच लपवतात. त्या म्हणाल्या, "हे भस्माचे पट्टे आहेत ना? देवाचं काही असंल म्हणून हात नाही लावला. आंघोळ सकाळी झालेली." मला राहवलं नाही. मी हात बाहेर काढून म्हणालो, "काकू, तिथेच दाबा." मामा माझ्याकडे वळले. इतक्या आदराने मला कुणीच कधी झापलेलं नाही. "जावईबापू, तुम्ही प्रत्येकाच्या फोनमध्ये जाऊन बसणार हाय काय?"

मी हात परत मांडीखाली घातले. तिसऱ्या बाईंच्या नवऱ्याला हृदयाचा त्रास होता. त्यांनी पडद्यावर बदामाचं चित्र पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी ते दाबलं. पुन्हा दाबलं. सात वेळा दाबलं. ते चित्र आवडते डॉक्टर जपून ठेवण्याचं होतं. दवाखान्याच्या ॲपमध्ये बदाम काढताना तो कुणाला खरंच हृदय वाटेल, हे इतक्या हुशार माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच. बाई फोन परत देत म्हणाल्या, "मलाच कळत नाही बघा. मी जाते आपली पहाटे रांगेत." त्या माझी माफी मागत होत्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

पुढचे तीन आठवडे मी शब्द परत आणले. अक्षरं काळी आणि ठसठशीत केली, लपवलेलं सगळं उघड्यावर मांडलं, बदाम हृदयविकाराला देऊन टाकला आणि 'नंबर लावा' असं रुंद बटण अंगठ्यापाशी ठेवलं. दर मंगळवारी भजनाला जाऊन, हात मांडीखाली ठेवून, गप्प बसलो. चौथ्या मंगळवारी त्याच बाईंनी नवऱ्याचा नंबर लावला आणि फोन मला न देता थेट पेटीवर ठेवून भजन सुरू केलं. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. साहेबांनी रुग्णालयाचं होकाराचं पत्र दाखवलं तेव्हा मला इतका आनंद झाला नव्हता. माझी मुलगी जन्मली तेव्हा घरात नोकरी होती, आणि ती मामांमुळे होती. हे मी त्यांना सांगायला गेलो तर ते बारशाच्या पाळण्याची कडी उलटी लावलीय म्हणून ती काढत बसले होते.

परवा मामींचे गुडघे दाखवायला आम्ही त्याच रुग्णालयात गेलो. नंबर मामांनी स्वतः लावला होता, मला न विचारता. मामी आत गेल्या, आम्ही कँटीनमध्ये चहा घेतला आणि परत येताना मामा मोठ्या दालनात थांबले. चौकशीच्या खिडकीवरच नंबरही मिळायचे, तिथे पूर्वी रांग दारापर्यंत जायची. आता तिथे कुणीच नव्हतं. आत पन्नाशीचे एक गृहस्थ पेनाचं टोपण काढत-घालत बसले होते. मी जरा फुशारकीनेच म्हणालो, "बघा मामा, एक माणूस नाही."

"हौ. चांगलं झालं," मामा म्हणाले. "माझ्या खिडकीत पण शेवटी असंच झालतं. पाट्याच अशा लावलेल्या मी, की कोणी येत नव्हतं. दिवस लई मोठा वाटायचा, जावईबापू."

मग ते सरळ त्या खिडकीशी गेले, वाकले आणि म्हणाले, "भई, कँटीन किधर है?"

ते गृहस्थ ताडकन उभे राहिले. पेन ठेवून बाहेरच आले, आणि सरळ जा, औषधांच्या दुकानानंतर डावीकडे, दोन पायऱ्या आहेत, सांभाळून, असं सगळं हातवारे करून त्यांनी सांगितलं. मामांनी ते मान हलवत, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बडी मेहरबानी," म्हणाले. ते गृहस्थ आमच्याकडे बघत उभेच होते, म्हणून आम्हाला खरोखरच सरळ जाऊन औषधांच्या दुकानानंतर डावीकडे वळावं लागलं. मामांनी पुन्हा दोन चहा सांगितले. मला नको होता, तरी मी तो सगळा प्यालो.