खुर्च्यांमागून आलेली माणसं

मी बी.ए. झालो आणि आरमोरीत माझं नावच बंद झालं. न्हाव्यापासून पोस्टमास्तरांपर्यंत सगळे मला 'बीए' म्हणू लागले. "काय गा बीए, कुठी चालला?" मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचे. माग जमिनीला टेकलेला, पाय खाली खड्ड्यात, आणि दिवसभर खटखट. मी नागपूरला शिकलो ते त्याच मागाच्या जिवावर. त्यामुळे मला घमेंड होती आणि ती उगीच नव्हती.

परत आल्यावर एका लाकडाच्या ठेकेदारांनी मला मॅनेजर म्हणून ठेवलं. नोकरी कच्ची होती. ठेकेदारांना आम्ही शेठजी म्हणत असू. हिंदी आणि मराठी ते एकाच घोटात बोलत. नागपूर तेव्हा राजधानी होती आणि थंडी पडली की तिकडची मोठमोठी माणसं आमचं जंगल पाहायला निघत. त्यांची उतरायची, जेवायची, हिंडायची व्यवस्था शेठजी करत आणि शेठजींच्या वतीने मी. चार चहापाण्याचे कार्यक्रम बरे पार पडले, तेव्हा त्यांनी मला गादीजवळ बोलावलं.

"मंत्रीजी येत आहेत. बोडीवरच्या आमराईत, तळ्याच्या काठी, दुपारचं जेवण. बारा लोक. खासगी मतलब खासगी. समजलं? मागच्या साली एकाकडे जेवायला गेले, तर हातात घास कमी आणि अर्ज जास्त. माझ्याकडे एकही अर्जवाला दिसला, तर तुमची छुट्टी. नाही दिसला, तर नोकरी पक्की."

घरी येऊन सांगितलं. वडिलांनी धोटा थांबवला.

"मी येऊ काय पाहाले? तू मॅनेजरकी कशी करतो ते."

"बा, ते खासगी आहे."

"खासगी म्हंजे?"

"म्हणजे ज्याला बोलावलं त्यानंच यायचं."

त्यांनी जरा विचार केला. "मंग बराबर हाय," म्हणाले आणि माग परत खटखटू लागला.

मी कामाला लागलो. वहीची दहा पानं भरली. मोटारी नदीच्या रेतीत फसतात, म्हणून काठावर चार बैलजोड्या. आमराईपर्यंतच्या धुळीवर पाणी शिंपडायला पिंप लावलेली बैलबंडी. सुवासिक चिन्नोर तांदूळ, पाटवड्यांचा रस्सा, वडे, बासुंदी. स्वयंपाकाला गावातली एक वयस्कर बाई ठरवली. तिच्या हाताला चव होती आणि तोंडाला लगाम नव्हता. तिला म्हटलं, "बाई, बारा माणसं. दोन-तीन वरती धरा."

"बारा?" तिने मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"बारा."

"बरं," म्हणाली. ही बाई एका शब्दात आटोपते म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

घोडं अडलं ते खुर्च्यांवर. साहेब लोक विजारीत येणार, त्यांना टेबल-खुर्ची हवी. टेबलांची चिंता नव्हती, शेठजींच्या वखारीत फळ्यांच्या राशी होत्या. पण सागवानाचं जंगलच्या जंगल विकणाऱ्या त्या माणसाच्या घरी बसायला एक खुर्ची नव्हती. सगळा कारभार गादी-तक्क्यावर. मग आदल्या दिवशी मी गावात हिंडलो. शाळेच्या हेडमास्तरांकडून तीन, डॉक्टरांकडून दोन, पोस्टमास्तरांच्या घरून दोन, अशा करत करत अकरा जमल्या. एकीला हात होते, एकीला नव्हते, एकीचा वेत मधोमध खचलेला होता. मंत्र्यांना कुठली द्यायची?

तेव्हा न्हाव्याची खुर्ची आठवली. त्याने ती नागपूरहून आणली होती. लाल गादी, रुंद हात आणि मागे मान टेकवायची सोय. अख्ख्या आरमोरीत तिच्यासारखा थाट दुसऱ्या कशाला नव्हता.

"नेजा ना," न्हावी म्हणाला. "माह्या खुर्चीवर मंत्री बसन म्हंजे काय लहान गोष्ट हाय? जेवन कवा हाय?"

"उद्या दुपारी बाराला."

आश्चर्य म्हणजे सगळ्यांनी मला हेच विचारलं होतं. जेवण कधी आहे? मला वाटलं, खुर्ची परत कधी मिळेल याचा हिशेब करत असतील.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी आमराईत पळसाच्या पत्रावळी मोजत होतो. तळ्याच्या पाळीवरून बंडी येताना दिसली. बंडीत खुर्च्या उभ्या बांधलेल्या, सगळ्यांत वर न्हाव्याची लाल खुर्ची राजासारखी. आणि बंडीमागे माणसं. धुतलेली धोतरं, तेल लावलेली डोकी, ठेवणीतली लुगडी, कडेवर पोरं. पुढे न्हावी, त्याच्या मागे डॉक्टर सहकुटुंब, मग पोस्टमास्तर, हेडमास्तर. चाळिसाच्या वर माणूस होतं.

त्याच क्षणी मला सगळं कळलं. आमच्याकडे रीतच आहे. कार्यासाठी कुणाच्या घरून भांडं मागून नेलं, की ते सगळं घर जेवायला येतं. निराळं आवतन द्यावं लागत नाही. माझ्या आईचा भात शिजवायचा पितळी गंज गावात कुणाच्याही लग्नाला जायचा आणि लहानपणी मी त्या गंजामागून चालत किती पंगती जेवलो होतो! पण कॉलेजात जाऊन आलेल्या डोक्याला एवढं सुचलं नाही, की खुर्चीसुद्धा त्यातच धरतील.

मी न्हाव्याला बाजूला घेतलं. "भाऊ, हे जेवण खासगी आहे."

"हो ना. म्हनून तं लोक कमी हायत."

"तसं नाही. शेठजींनी बाराच माणसं सांगितली. मी तुम्हाला बोलावलं नव्हतं..."

"खुर्चीले बोलावलं काय नाई?"

"खुर्चीला बोलावलं."

"मंग मी काऊन नाई?" तो चिडला नव्हता, खरोखरच विचारत होता. मागून पोस्टमास्तर म्हणाले, "बीए, अडचण असंल तर सांगा. आम्ही आपल्या खुर्च्या घेऊन जातो." मूळचे ते दूर कुठले तरी, पण दहा वर्षांत आमची रीत त्यांना पाठ झाली होती.

खुर्च्या नेतो म्हणणाऱ्याला कोण घालवणार? मी चुलीकडे धावलो.

"बाई, घात झाला! चाळीस माणूस वाढलं."

तिने झाकण उचललं. आत भाताचा डोंगर.

"साठाचं टाकलं मी. आरमोरीत बाराचं जेवन कोनी पाह्यलं हाय? बीए झाला म्हने!"

इतक्यात मोटारी आल्या. एक, दोन, तीन, चार, पाच. शेठजी उतरले आणि गर्दी पाहून जागीच थिजले. माझ्या कानाशी येऊन पुटपुटले, "ये क्या मेला लावला, बीए? कोण आहेत हे?"

"खुर्च्यावाले."

"खुर्च्यावाले म्हणजे?"

मी सांगायला लागलो, पण शेठजींचं लक्ष एव्हाना मोटारींकडे होतं. मोटारींतून माणसं उतरतच होती. बारा जणांची यादी होती, उतरले तेवीस. प्रत्येक साहेबाने आपला एक साहेब आणला होता, त्याने त्याचा मेहुणा.

तेवीस माणसं आणि बारा खुर्च्या. मंत्री मधोमध उभे. ते बसेपर्यंत कुणी बसेना आणि सगळ्यांचे डोळे खुर्च्यांवर. हाताच्या खुर्चीवर दोन साहेबांची एकदमच नजर पडलेली मी पाहिली. मंत्र्यांनी बारा खुर्च्या पाहिल्या, तेवीस माणसं पाहिली. कोणाला बसवलं आणि कोणाला उभं ठेवलं, याची भांडणं नागपूरपर्यंत जातील, हे त्यांच्यासारख्या माणसाला काय सांगायचं?

तेवढ्यात न्हावी पुढे झाला. "बसा ना जी खाली. जागा का कमी हाय?"

मंत्र्यांनी वहाणा काढल्या आणि सरळ गाववाल्यांसाठी अंथरलेल्या चटईवर मांडी घातली. खादीच्या धोतरात त्यांना तेच सोपं होतं. शेजारी न्हाव्याला बसवलं. मग काय, सगळे साहेब घट्ट विजारी सावरत खाली आले. बसता बसता एका विजारीने टर्रकन आवाज दिला आणि तो साहेब शेवटपर्यंत उठला नाही, त्यामुळे त्याला बासुंदी चारदा वाढली गेली. खुर्च्या तशाच रांगेत उभ्या राहिल्या. त्यांच्यावर पोरं बसली. लाल खुर्चीवर तर तीन.

मी वाढत होतो आणि एक डोळा पंगतीवर होता. आता कुणाचा हात खिशात जाईल, आता कागद निघेल, आणि माझी नोकरी गेली! पण कागद निघाला नाही. न्हावी मंत्र्यांना रस्सा घ्या म्हणून आग्रह करत होता. हेडमास्तर, ज्यांच्या शाळेचं छप्पर गळत होतं, ते साहेबाला वड्यांची कृती सांगत होते. आपली खुर्ची दिलेला माणूस यजमान होतो, आणि यजमान पाहुण्याकडे काही मागत नाही. हे मला कुठल्या पुस्तकात मिळालं नव्हतं.

जाताना मंत्री शेठजींना म्हणाले, "फार दिवसांनी पोटभर जेवलो. एकानेही अर्ज दिला नाही. कसं जमवलंत?"

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. "हमारे मैनेजर साहब."

नोकरी पक्की झाली. पण मोटारी दिसेनाशा होताच शेठजी म्हणाले, "उद्याच सुताराला बोलवा. आपल्या सागवानाच्या बारा खुर्च्या करून घ्या."

धावत घरी गेलो. बातमी सांगितली. आई हसली. वडील म्हणाले, "गाव सगळा जेवून आला म्हने."

"तुम्ही का नाही आलात?"

"आपल्या घरी खुर्ची कुठी हाय गा?"

ते सहज बोलले. पक्क्या नोकरीचा आनंद मात्र त्या एका वाक्याने अर्धा करून टाकला.

पुढच्या हिवाळ्यात एका जुन्या संस्थानाचे राजेसाहेब यायचे ठरले. या वेळी सगळं घरचं होतं. बारा नव्या खुर्च्या, नवी टेबलं, गावातून मागायला काही उरलं नव्हतं. शेठजी खूष. मी वही उघडून पुन्हा पुन्हा पाहिली. भातासाठी शेठजींकडे दोन मोठे गंज होते. तरी मी वहीत लिहिलं, गंज कमी पडेल. आणि बंडी आमच्या घरी पाठवली.

अकराच्या सुमारास ती पाळीवरून येताना दिसली. बंडीत आईचा पितळी गंज चमकत होता. मागे वडील, अंगात स्वतः विणलेला कोशाचा कुडता, आणि आई.

"हे कोण?" शेठजींनी विचारलं.

"गंजवाले," मी म्हणालो.

शेठजींना मागच्या हिवाळ्यातले खुर्च्यावाले आठवले. मग त्यांनीच दोन खुर्च्या ओढल्या. आई लाजून चुलीकडे गेली ती बाईजवळच बसली. वडील मात्र बसले. जन्मात पहिल्यांदा खुर्चीवर, आणि सवयीने पाय वर घेऊन मांडी घातली. जेवणं सुरू झाली, तेव्हा समोर राजेसाहेब संकोचून दोन घासांत आटोपत होते. वडिलांनी ते पाहिलं आणि मला हाक मारली.

"वाढ गा मॅनेजर, त्यायले भात वाढ." मग राजेसाहेबांकडे वळून म्हणाले, "घ्या ना भाऊ, लाजू नोका. गंज आमच्या घरचा हाय."