तलाठ्याला दाखवायची चूल

आमच्या कडाव गावात सुंदराकाकीला ओळखत नाय असा माणूस नाय. नवरा लवकर गेला, पोर पदरात. काकीनं दुसऱ्यांच्या शेतात लावणी केली, म्हशी राखल्या, दूध घालून देवेशला शिकवलं. तो कंपनीत लागला तेव्हा अख्ख्या आळीला पेढे वाटले बाईनं.

पासष्टी उलटली, गुडघे गेले, म्हशी विकल्या. मग कळलं, सरकार म्हाताऱ्या माणसांना महिना दीड हजार देतं, श्रावणबाळची पेन्शन. नाव तरी काय ठेवलंय बघा! मी शेजारीण, मीच काकीला घेऊन कर्जतला तहसीलात गेले. तिथं म्हणाले, नाव मुलाच्या रेशनकार्डावर हाय, त्याचा पगार धरणार, एकत्र राहत असाल तर पेन्शन नाय.

देवेश म्हणाला, त्यात काय, कागदावर वेगळी होऊ. काकीच्या जिवावर आलं. धडधाकट पोरगा असताना मला कोण नाय असं कसं सांगू, म्हणायची. पण सून जागृती म्हणाली, तुमच्या गोळ्यांचं तरी भागंल, आणि काकी मऊ पडली. रेशनकार्ड वेगळं झालं. तलाठी चौकशीला येणार म्हणून देवेशनं मागच्या पडवीत चूल मांडली. तलाठी आले तेव्हा काकी फुंकणी घेऊन जाळ करत बसलेली. आमाला सगळ्यांना हसू येत होतं.

पेन्शन चालू झाली, पण चूल काय मोडली नाय. परत तपासणीला आले तर, असं जागृती म्हणायची. आधी काकीचं ताट तिकडं गेलं, मग तांदळाचा डबा, मग अंथरूण. बघता बघता म्हातारी खरंच वेगळी जेवायला लागली. मी जागृतीला तोंडावर बोलले, तर आमच्या घरात लक्ष घालू नका म्हणाली मला. भवानी मेली!

दिवाळीनंतर देवेशनं शेलूला फ्लॅट घेतला. सामान टेंपोत चढलं. काकी आपलं गाठोडं बांधून ओटीवर बसलेली. देवेश म्हणाला, तू आलीस तर पेन्शन जाईल, आमी येत जाऊ सुट्टीला.

सुट्टीला कोण येतंय! दीड हजारात काय होतं? गोळ्या आणल्या की तेल आणायचं राहून जातं. रेशनचा तांदूळ हाय म्हणून भात शिजतो, वर मी कधी कालवण देते.

परवा सकाळी काकी वहाणा घालून माझ्या दारात. कर्जतला ने म्हणाली, पेन्शन बंद करायची. ती बंद झाली की देवेशला आपल्याला न्यावंच लागंल, असा तिचा हिशोब. मला पण पटलं. म्हटलं, आधी त्याला सांगू. फोन लावला, काकीला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "बंद कशाला करते? मग ती खाणार काय?"

मी त्याला नाय नाय ते बोलले. काकीनं माझ्या हातातला फोन घेऊन बंद केला.

"आई माझ्याकडं येऊन खाईल, असं त्याच्या मनात पण आलं नाय गं," ती म्हणाली, आणि वहाणा ओढत घरी गेली.