छापील सात मीटर

वायरीचं नवं खोकं उघडलं की काका आधी चष्मा कपाळावर चढवायचे. मग वायर चिमटीत धरून डोळ्यांपासून चार बोटांवर आणायचे आणि फिरवत, सरकवत मोठ्यांदा वाचायचे, "कॅट सिक्स. यूटीपी. तेवीस एडब्ल्यूजी. दोनशे बारा मीटर." कुणी हसलं तर म्हणायचे, "कंपनीनं शाई उगाच घालवली व्हय? छापलंय ना, मग वाच की!"

चाकणच्या आमच्या कारखान्यात नेटवर्कच्या वायरी ओढणं हे त्यांचं काम; सगळे त्यांना काकाच म्हणत. मी खरेदी खात्यात, जालन्याहून आलेला, वायर म्हणजे निळी की करडी एवढंच बघणारा. त्यांनी मला शिकवलं. "तेवीस जाड, चोवीस बारीक. आकडा वाढला की तार वाळती, पावणं." एखाद्या वायरीवर एलएसझेडएच दिसलं की खूश व्हायचे. "ही गुणाची. पेटली तरी धूर कमी करती." आणि दर मीटरला एक आकडा छापलेला असतो, एकेकानं उतरत जाणारा. तो वाचला की खोक्यात किती उरलंय ते न मोजता कळतं. त्या आकड्यांवर त्यांचा फार जीव.

तुमच्याही ओळखीत असा छापील अक्षराचा भक्त असेल, पण आमचे काका पुढचे. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख संध्याकाळपर्यंत पाळायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला पुडा कुत्र्याला. एकदा आकुर्डीच्या थांब्यावर बंद झालेल्या बसची तासभर वाट पाहत उभे होते. का, तर पाटीवर नंबर होता.

त्यांचं घराणं रहाटणीकडचं, जुन्या गावातलं. वडील गेल्यावर जुनं घर पाडून दोघा भावांनी शेजारी शेजारी घरं बांधायचं ठरलं. जागेची रुंदी मोजणीच्या नकाशात चौदा मीटर, म्हणजे सात-सात. पण टेप कुणी धरायची यावरून थोरल्या दादांशी वाजलं. तू ओढतोस, तू ढिली सोडतोस. आमच्या भागात वीतभर जागेसाठी लोक एकमेकांच्या मयतीला जात नाहीत, त्यामुळे याचं मला नवल वाटलं नाही.

काकांनी तोडगा काढला. वायरीचा तुकडा आणला, दोनशे बारापासून दोनशे पाचपर्यंत, बरोबर सात मीटर. "ह्यो आकडा ना तुझा, ना माझा. कंपनीनं छापलाय." दादांना पटलं. एकानं पूर्वेच्या कडेपासून सात मोजले, दुसऱ्यानं पश्चिमेच्या. दोघांनी चुन्याच्या फक्कीनं आपापली रेघ मारली आणि मधोमध मीटरभर पट्टी उरली.

आता पाहा. अशा वेळी माणसं ती पट्टी बळकावायला धावतात. इथं दोघंही मागं सरले.

"माझे सात भरले. ही तुझी," काका म्हणाले.

"माझेबी भरले. उद्या गावाला सांगत फिरशील, दादानं ढापली म्हणून. मला नगं."

गवंडी आपली टेप लावून म्हणाला, अहो, तुमचे साडेसहाच भरतायत. काका म्हणाले, "तुझी टेप ढिली पडलीय." त्यांनी मोजणी कार्यालयात अर्ज दिला, आमची जागा एक मीटरने वाढली आहे, तरी नोंद घ्यावी. कारकुनानं समजावलं, "काका, जमीन वाढत नसते." काकांनी पिशवीतून वायर काढून त्याला वाचायला दिली.

घरं उभी राहिली, पट्टी मोकळीच. तिथं पिंपळ उगवला. तो कुणी उपटेना, कारण उपटायला जागा आपली असावी लागते. जावा खिडकीतून कढीपत्ता देत-घेत, पण भाऊ बोलेनासे झाले. समोरचा जागा देतोय म्हणजे त्यात काहीतरी डाव आहे, असं प्रत्येकाला वाटत राहिलं. अशी आठ वर्षं गेली. "एकच भाऊ हाय मला," एवढं एकदा डबा खाताना काका म्हणाले आणि झाकण लावून उठले. डब्यात अर्धी भाकरी तशीच होती.

मग एकदा त्याच कंपनीची नवी खोकी आमच्याकडे आली. साठ मीटरच्या अंतराला साठ छापील मीटर पुरेनात. काका म्हणाले, "शेड लांबली आसंल." मी मात्र आमच्या गुणवत्ता खात्यातून एक मीटरची पोलादी पट्टी आणली आणि वायरीवर ठेवली. एका आकड्यापासून पुढच्या आकड्यापर्यंत त्र्याण्णव सेंटिमीटर भरले.

"ती पट्टी खोटी," काका म्हणाले.

मी पट्टीचा दाखला पुढे केला. तपासून अचूक असल्याचा, शिक्क्यासकट, छापलेला. काकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि सहीपर्यंत सगळं वाचलं. मग खोक्यावर बसले. छापलेलं छापलेल्यावर उलटेल, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरचा सात मीटरचा तुकडा आणला. आठ वर्षं तो कापडी पिशवीत दारामागं टांगलेला होता. मोजला. साडेसहा. काका म्हणाले, "पावणं, गाडी काढा. आन् त्या दाखल्याची झेरॉक्स घ्या."

दादा ओट्यावर होते. काका पायरीखालीच थांबले. कारखान्यात खोक्यामागून खोकी बेधडक वाचणारा हा माणूस भावाच्या दारात घाबरून उभा होता.

"दादा, माझी वायर खोटी निघाली. जागा वाढली न्हाई. ती पट्टी दोघांची हाय, अर्धी अर्धी."

दादांनी दाखला हातात घेतला, उलटा धरला, सुलटा केला. "म्हंजी तू मला फसवत नव्हतास?"

"न्हाई."

"मीबी न्हाई." मग दाखल्याची घडी घालत, "आरं, मी समद्या गावाला सांगून बसलोय, आमची जागा वाढली म्हणून!"

दोघं त्या पट्टीत आडवे होऊन शिरले. मधोमध भिंत घातली तर कुणालाच उभं राहता येणार नाही, हे दोघांच्या एकदमच लक्षात आलं. पिंपळ दोघांनी मिळून कुऱ्हाड-पहार लावून उपटला. आपापल्या भिंतीला दार पाडलं आणि समोरासमोर दोन खुर्च्या टाकल्या. गुडघ्याला गुडघे लागायचे. रोज चहा तिथंच. मी अनेकदा पाहिलंय, दोघं फारसं बोलत नसत. काका बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचून दाखवत आणि दादा ऐकत.

गेल्या वर्षी काका गेले. आता कारखान्यात खोकं उघडलं की कुणी मोठ्यांदा वाचत नाही. मी मनातल्या मनात वाचतो, आणि पोलादी पट्टी लावतो. त्यांच्या आवाजाची फार सवय झाली होती.

भेटायला गेलो तेव्हा दादा पट्टीतच बसले होते. भिंतीवर खिळ्याला तो सात मीटरचा तुकडा. समोरची खुर्ची रिकामी होती, म्हणून मी बसायला गेलो.

"तिथं नगं, पावणं," दादा म्हणाले. "ती अर्धी पट्टी त्याची हाय."

मी दारातच उभ्यानं चहा घेतला.