शेंदराखालची वलयं

अकरा मे. कडप्पा कापायच्या मशीनचं पातं बदलत होते, हात दगडाच्या चिखलाने भरलेले, तेवढ्यात धुळ्याहून फोन आला. भाऊ गेला. कसा, विचारलं. ‘मारला,’ पलीकडचा म्हणाला. मी पातं घट्ट बसवलं, मेन स्विच बंद केला आणि निघाले.

मोठा भाऊ धुळ्याला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचा. मी जळगावात मेहरूणजवळ ओट्याचे दगड कापून देते. दोघांचंही पोट दगडावर, पण भांडण कायमचं. त्याच्या पिशवीतून निघायची ती दगड झालेली लाकडं. इथे लाव्हाचे लोंढे येत होते त्या काळातली. दोन लोंढ्यांमधल्या गाळात झाड गाडलं जायचं, पेशीपेशीत गारगोटी भरायची आणि वरून पुन्हा आग. ‘आडवं काप, मंगे! उभं कापलंस तर तुझंच डोकं फोडीन.’ आडव्या कापात वलयं दिसतात. ठळक वलयं म्हणजे झाडाने कोरडे महिने काढले, वलयं नाहीत म्हणजे बाराही महिने ओल. आपल्या या भाजक्या मुलखात तेव्हा बारमाही पाऊस होता, असं भाऊ सांगायचा. सांगायचा म्हणजे ओरडायचा. ‘वलयं निघाली तर नाव बदलीन.’ एकदा वाद घालणाऱ्याच्या अंगावर त्याने खुर्ची फेकली होती.

धुळ्याकडच्या एका गावाच्या नाल्यात त्याला आख्खा ओंडका सापडला. शेजारी खडीची खदान. सुरुंग रोज पुढे सरकत होते. अर्ज करून झाले, खदानवाल्याची कॉलर धरून झाली. मग एके दिवशी भाऊ माझ्याकडे जेवायला आला तो हसतच. पहाटे जाऊन त्याने ओंडक्याला तेलातला शेंदूर फासला होता, नारळ फोडला होता. ‘ड्रिलवाल्याने चप्पल काढली गं, आणि मशीन मागे घेतली!’ वर्षभरात तिथे चौथरा आला, पत्र्याची शेड आली. ओंडका वाचला. फक्त भाऊलाच आता त्याला हात लावता येईना... आणि थांबणं त्याला कधी जमलं नाही. वलयं तपासायला तो हातोडी घेऊन गेला, एक ढलपी उडवली. देव फोडला म्हणून गावातल्या पोरांनी त्याला त्याच चौथऱ्यावर काठ्यांनी मारलं.

दवाखान्यातून कपडे आणि पिशवी मिळाली. पिशवीत ती ढलपी होती, एका बाजूने शेंदरी.

तीन-चार आठवड्यांनी त्या गावचे म्हातारे नाना माझ्या कारखान्यात आले. पाणी दिलं, प्यायले नाहीत.

‘अक्का, एक खरं सांगा. मार खाताना ते वरडत व्हतात, देव नही, शेंदूर मीच लावेल शे. ते ऐकीसन पोरे आखो खवळनात.’

‘तुमचा नातू होता त्यात?’

‘व्हता. आत शे.’

‘राहू द्या आत. केस मागे घेणार नाही.’

नानांनी पाण्याचा पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, ‘खदानवाला ई ग्या. म्हने, मास्तर सोताच सांगी गया, देव नही. उद्या सुरुंग लावतस. खरं शे का ते, अक्का?’

‘उद्या येऊन सांगते,’ मी म्हटलं.

ते गेल्यावर ढलपी मशीनवर घेतली, पाणी सोडलं, आडवी कापली. ओल्या कापावर बोट फिरवलं. वलयं होती. बारीक, एकाला एक चिकटलेली, तहानेत वाढलेल्या झाडाची. भाऊ चुकला होता. असता तर त्याने मशीनला लाथ घातली असती आणि मग भिंग लावून तिथेच बसला असता, जेवायलाही उठला नसता. त्याच्यासाठी ठेवलेलं स्टूल नळाजवळ अजून आहे. तुकडा त्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेंदूर आणि तेलाची बाटली घेऊन पहिली बस धरली. चौथऱ्याभोवती गाव जमलेलं, मागे ड्रिलची मशीन उभी. चप्पल काढून वर चढले. ढलपी उडाली होती ती जागा उघडी होती, तिच्यात बोटांनी शेंदूर दाबून भरला.

‘मंग मास्तर खोटं बोलनात का?’ गर्दीतून कोणीतरी विचारलं.

‘मार खाणारा माणूस काहीही बोलतो,’ मी म्हटलं, आणि उरलेला शेंदूर ओंडक्यावर ओतला.