मामांची न उघडणारी फाइल

माझ्या बायकोच्या मामांइतका हट्टी माणूस भोपाळात दुसरा झाला नाही, आणि होऊही नये; कारण त्याला स्कूटरवर मागे बसवून हिंडवायला माझ्यासारखा भाचेजावई तरी कुठून आणायचा? मामा सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून हेड ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झाले, पण सवयी काही त्यांनी कारखान्यात जमा केल्या नाहीत. भाजीच्या यादीखालीसुद्धा तारीख, सही आणि ‘तपासले’ असा चौकोन! त्या चौकोनात मामींची सही झाल्याशिवाय पिशवी खुंटीवरून हलायची नाही. एकदा मी त्यांच्याकडे भिंतीवर कॅलेंडर टांगलं, तर मामांनी ओळंबा सोडून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, “जावईबापू, तुमचा डिसेंबर डावीकडे कललाय.” या माणसाने आयुष्यात पट्टीविना काढलेली एकच गोष्ट मान्य केली, ती म्हणजे क्वार्टरच्या दारात मामी रोज सकाळी काढायच्या ती ठिपक्यांची रांगोळी. तिच्यापुढे मामा निमूट उभे राहायचे.

मग मामींना अर्धांगाचा झटका आला. त्या सावरल्या, पण उजवा हात थरथरायचा तो थरथरतच राहिला. चिमटीतून ठिपका एक पडायचा तिथे पाच सांडायचे. त्यांनी रांगोळीचा डबा माळ्यावर टाकला. पुढे क्वार्टर सोडून मिसरोदला बांधलेल्या घरात जायची वेळ आली, तेव्हा म्हणाल्या, “येते हो मी. पण दार ओकंबोकं असणार. ते घर मला माझं नाही वाटायचं.” मामांनी मामींची रांगोळ्यांची जुनी वही काढली, कॉम्प्युटर सुरू केला आणि फाटकाच्या पत्र्यावर पंधरा ठिपक्यांची रांगोळी लेझरने कापून घ्यायचं ठरवलं. वास्तुशांत तीन आठवड्यांवर आली होती.

लेझरवाला गडी हसतमुख, अस्सल भोपाळी. पहिल्या दिवशी म्हणाला, “अंकल, फाइल तो खुल ही नहीं रही.” मामांचं सॉफ्टवेअर नवं, त्याचं जुनं. मामा ताडकन म्हणाले, “फाइल में दोष नहीं है!” आणि घरी येऊन तीच फाइल जुन्या पद्धतीने साठवली. दुसऱ्या खेपेला ती उघडली, पण मशीनने मिलिमीटरांना इंच समजून चार फुटांचं फाटक शंभर फुटांचं केलं. “अंकल, गेट घर का है या किले का?” मामा हसले नाहीत. खिशातली वही काढून त्यांनी ‘एकक सांगणे’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

तिसऱ्या खेपेला मात्र कपाळमोक्षच झाला. ड्रॉइंगला चौकट नाही, मापांचे बाण नाहीत, कोपऱ्यात नावांचा तक्ता नाही, असा कागद मामांच्या हातून जन्मात बाहेर पडला नव्हता. मशीनला काय कळतंय! दिसेल ती रेघ कापायची, एवढंच त्याला ठाऊक. नमुन्याच्या पत्र्यात रांगोळीबरोबर बाण कापले गेले, चौकट कापली गेली, आणि अख्खी रांगोळी चौकटीसकट धाडकन खाली पडली. मी म्हटलं, “मामा, तो तक्ता काढून टाका ना!” मामांनी पडलेला पत्रा उचलून रुमालाने पुसला. मग हळूच म्हणाले, “त्यात ‘तपासले’समोर तिचं नाव आहे हो.”

शेवटी त्यांनी तक्ता पुसला. शिवाय एकाच ठिपक्यावर दुसरा ठिपका बसला की मशीन तिथे पत्रा दोनदा जाळतं, म्हणून डोळ्यांना भिंग लावून तसले जोडठिपके एकेक करून वेचले. चौथ्या खेपेला पत्रा झकास कापला गेला. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी फाटक बसलं.

घर पूर्वेकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन फाटकातून आत आलं आणि अंगणातल्या फरशीवर सगळी रांगोळी उन्हाची उमटली. मामी पायरीवर थबकल्या. त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही, उगाच कशाला खोटं बोलू! मग त्या वाकून बघू लागल्या. “अहो, चौथ्या ओळीत एक ठिपका नाहीये.” मामांचा चेहरा पांढराफटक पडला. जोडठिपके वेचताना एका जागचे दोन्ही पुसले गेले होते.

मामींनी माळ्यावरून आणलेला डबा सामानातून शोधून काढला, चिमूट घेतली आणि थरथरत्या हाताने त्या रिकाम्या जागी सोडली. थोडी सांडली. “झालं,” त्या म्हणाल्या.

आठवड्याने मी गेलो, तेव्हाही मामी उन्हात वाकून तोच ठिपका भरत होत्या आणि मामा मागे निमूट उभे होते. मी म्हटलं, “मामा, फाइल आहेच. एक भोक तर पाडायचंय, उद्या करून आणतो.”

“नको,” मामा घाईने म्हणाले. “ती फाइल आता उघडत नाही.”

लेझरवाल्याकडे न्यायला घेतलेली तीच फाइल माझ्या पेन ड्राइव्हवर आहे. घरी येऊन पाहिली, लगेच उघडली. मी ती बंद केली आणि पुन्हा कधी मामांकडे विषय काढला नाही.